ढाल, औषध आणि अंतर : ड्रॅगनच्या जाळावरच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

प्रकल्प काय, ते आधी लिहून ठेवतो. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळात आमच्या दोघांच्या गटाला ड्रॅगनसमोर बिनघोर उभं राहता आलं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू आमची आम्ही मिळवलेली असली पाहिजे. दोघे म्हणजे मी आणि भाचा. मी जुळे सोलापुरात, तो अशोक चौकात. गड्ड्याच्या यात्रेचे मुख्य दिवस संपले, ताईकडचे पाहुणे गेले, आता त्याला वेळ आहे आणि मला रात्री नऊनंतर.

आमची खाती ‘ग्रुप आयर्नमॅन’ प्रकारची. हा प्रकार २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आला. दोन ते पाच जणांचा गट, देवाणघेवाण फक्त आपसांत, बाकी खेळाडूंचा मोठा बाजार आपल्यासाठी बंद. साध्या खात्यावर अग्निरोधक औषध बाजारातून बाटल्यांनी उचलता येतं आणि विषय संपतो. आमच्याकडे तिथूनच सुरू होतो.

नोंदी मी ठेवणार. दिवसभर टॉवेल कारखान्याचा जमाखर्च लिहितो, त्यामुळे वही उघडल्याशिवाय मला काही सुचत नाही. भाच्याला वहीचं काही पडलेलं नाही. तो म्हणाला, “मामा, तू लिही, मी मारतो.”

२१ जानेवारी

आधी जाळाचा हिशोब. हिरवा, निळा, लाल, काळा, यांतला कुठलाही मोठा ड्रॅगन उघड्या माणसावर फुंकला तर एका फुंकरीत ५०पर्यंत हिटपॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, नेऊ शकतो. माझे एकूण साठच्या आसपास. म्हणजे एक फुंकर खाल्ली की पळायचं, दुसरी खाल्ली की संपलं. पिल्लं जाळ फुंकत नाहीत, त्यांना सोडून देऊ.

नवीन माणसाचा इथे हमखास गैरसमज होतो. त्याला वाटतं, भारी चिलखत घातलं की जाळ कमी लागेल. नाही लागत. चिलखत दाताला आणि नखाला. जाळाचं खातं वेगळं. त्या खात्यात जमेला तीनच गोष्टी दिसतात. एक, ड्रॅगनविरोधी ढाल. दोन, अग्निरोधक औषध. तीन, जादूपासून वाचवणारी प्रार्थना, जी ‘प्रेयर’ हे कौशल्य ३७व्या लेव्हलला पोचलं की उघडते आणि काही ड्रॅगनांपुढे थोडाफार जाळ कमी करते.

तिन्हींची किंमत वेगवेगळ्या चलनात मोजावी लागते. ढाल फुकट मिळते पण डावा हात कायमचा अडकवते. औषध हात मोकळा ठेवतं पण मिनिटं मोजतं, एका डोसला सहा. प्रार्थना पॉइंट खाते. कोणती वस्तू भारी हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. आपल्याकडे हात जास्त आहे, वेळ जास्त आहे की पॉइंट, ते बघायचं.

२ फेब्रुवारी

‘ड्रॅगन स्लेयर’ सुरू. रुनस्केप जानेवारी २००१मध्ये सुरू झाला आणि ही मोहीम त्याच वर्षातली, म्हणजे भाच्याच्या जन्माआधीची. चॅम्पियन्स गिल्डच्या दारात ३२ क्वेस्ट पॉइंट, म्हणजे मोहिमा पुऱ्या करून मिळणारे गुण, मागतात, ते दोघांचेही होते. गिल्डमास्तर एजव्हिलच्या ओझियाककडे पाठवतो. ओझियाक म्हणतो, आधी क्रॅन्डोर बेटावरच्या एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनला मारून या, मग रून धातूचं चिलखत अंगावर घालायच्या गोष्टी करा.

बेटाचा नकाशा तीन तुकड्यांत आहे. एक मेल्झरच्या भुलभुलैयात. तिथे झॉम्बी उंदरांपासून सुरुवात होते आणि शेवटी लेसर डीमन उभा असतो. दुसरा खाणीतल्या जादूच्या दारामागे. त्या दाराला न भाजलेलं वाडगं, रेशीम, लॉब्स्टर पकडायचा पिंजरा आणि ‘विझर्ड्स माइंड बॉम्ब’ नावाचं पेय दाखवावं लागतं. ही यादी कोणी ठरवली असेल देव जाणे. तिसरा तुकडा पोर्ट सरिमच्या तुरुंगातल्या गॉब्लिनकडे. तो दहा हजार नाणी मागतो, नाहीतर गजांतून बाण मारून त्याला आडवा करता येतो.

भाच्याने बाण मारला. मी दहा हजार दिले. त्याने मला फोन करून हसून घेतलं.

५ फेब्रुवारी

ढाल हातात आली. लम्ब्रिजच्या किल्ल्यात ड्यूक होराशियोला जाऊन सांगायचं की ड्रॅगन मारायचा आहे. तो काढून देतो. पैसे नाहीत, अट नाही. हरवली तर पुन्हा जाऊन मागता येते. अख्ख्या खेळात जीव वाचवणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नसेल, आणि म्हणूनच लोक तिला कमी लेखतात.

दोघांनी दोन घेतल्या. भाच्याने त्याची लगेच बँकेत टाकली. त्याचं सगळं काम धनुष्यावर, आणि धनुष्याला दोन्ही हात लागतात.

९ फेब्रुवारी

पोर्ट सरिमला क्लॅरेन्सकडून ‘लेडी लम्ब्रिज’ हे जहाज दोन हजारांना घेतलं. जहाज कसलं, तळाला भोक पडलेलं. तीन फळ्या आणि नव्वद पोलादी खिळे ठोकल्यावर तरंगायच्या लायकीचं होतं. ड्रेनॉरचा म्हातारा नेड कप्तान म्हणून येतो. बेट जवळ येताच एल्वार्ग वरून येऊन जहाज जाळते, म्हणजे ठोकलेले खिळे गेले पाण्यात. हे होणारच असतं, त्याला इलाज नाही.

मुद्द्याची गोष्ट : बेटावर उतरल्यावर आधी भुयारातली गुप्त भिंत शोधून उघडली. ती करम्जाच्या ज्वालामुखीकडे निघते. एकदा बेटाच्या बाजूने उघडली की पुढच्या वेळी जहाज लागत नाही. मेलो तरी परत चालत येता येतं. एल्वार्गशी भिडण्याआधी हे करून घेणं मला खाण्याच्या पिशवीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग लढाई. एल्वार्ग ८३ लेव्हलची, हिटपॉइंट ८०. डाव्या हातात ढाल, उजव्यात स्किमिटर, पिशवीत हिटपॉइंट भरून काढायला स्वोर्डफिश मासे. पहिली फुंकर आली तेव्हा माझं बोट माशावरच होतं. पडद्यावर लाल जाळ, आणि खाली ओळ : तुमच्या ढालीने बहुतेक जाळ शोषून घेतला. आकडा किरकोळ. मी मासा न खाता बोट परत तलवारीवर आणलं. त्यानंतर लढाई म्हणजे नुसती देवाणघेवाण होती, ती मारते, मी मारतो. जाळापेक्षा तिच्या पंजानेच माझं जास्त गेलं.

मुंडकं घेऊन ओझियाककडे. स्ट्रेंग्थ आणि डिफेन्समध्ये प्रत्येकी १८,६५० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, आणि रूनचं प्लेटबॉडी घालायची परवानगी.

भाच्यालाही शेवटी ढाल काढावी लागली. अर्धा तास कुरकुर.

१६ फेब्रुवारी

आज वाद झाला आणि तो कामाचा निघाला, म्हणून सविस्तर लिहितो.

मी म्हटलं, आता औषधाच्या मागे लागू. भाचा म्हणाला, “कशाला? निळ्या ड्रॅगनला जाळ फुंकायला जवळ यावं लागतंय. मी खडकाआड उभारतो, बाण मारतो. तो येतच नाही की माझ्यापर्यंत.”

म्हटलं, दाखव. त्याने टॅव्हर्लीच्या भुयारात नेऊन दाखवलं. निळा ड्रॅगन खडकाच्या पलीकडे अडकलेला, पंख फडफडवतोय, आणि हा इकडून निवांत बाण सोडतोय. ना ढाल, ना औषध, ना प्रार्थना. रंगीत ड्रॅगनांचा जाळ हाताच्या अंतरावरचाच असतो. तुम्ही त्या अंतरात नसाल तर त्याच्या तोंडातला जाळ तोंडातच राहतो.

तेव्हा माझ्या खात्यात चौथी ओळ घातली : अंतर. आणि चारांत सगळ्यात स्वस्त हीच. जाळ कसा अडवायचा हे विचारण्याआधी तो पोचतो कुठपर्यंत हे विचारायला हवं. पोरगं बरोबर बोललं होतं.

लोखंडी, पोलादी अशा धातूच्या ड्रॅगनांची गोष्ट मात्र वेगळी. ते लांबूनही फुंकतात. खडक तिथे कामाचा नाही. हे मी सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता. मग, “मग औषध लागणार म्हण की.”

होय की.

२३ फेब्रुवारी

कामाची वाटणी. साधं अग्निरोधक औषध हर्बलोअर, म्हणजे औषधं बनवायचं कौशल्य, ६९ला पोचलं की बनतं. पाण्याच्या बाटलीत लॅन्टाडाइमची साफ केलेली पानं टाकायची, वर ड्रॅगनच्या खवल्यांची पूड. एका बाटलीत तीन डोस, म्हणजे १८ मिनिटं.

भाच्याकडे खवले, माझ्याकडे शेती.

खवले टॅव्हर्लीच्या भुयारात, निळ्या ड्रॅगनांच्या पायाशी जमिनीवर पडलेले असतात. आत शिरायला अॅजिलिटी ७० असेल तर पाइपातून जाता येतं, नसेल तर धुळीने माखलेली किल्ली हवी. किल्लीचा रस्ता असा : भुयारातल्याच तुरुंगाच्या जेलरला मारा, त्याची किल्ली घ्या, कोठडीतल्या व्हेलराकला सोडवा, तो ही किल्ली देतो. खेळातल्या सगळ्या वाटा अशाच, एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात.

४ मार्च

लॅन्टाडाइमचं बी पेरायला फार्मिंग ७३ लागतं. माझं आहे; दिवाळीपासून रोज सकाळी चहाबरोबर मोबाइलवर वाफे बघतोय. फॅलाडोर, कॅथर्बी, आर्डून, पोर्ट फास्मॅटिस असा फेरा. पाला ८० मिनिटांत तयार होतो. कारखान्यात जाईपर्यंत एक फेरा, जेवणाच्या सुट्टीत दुसरा. अल्ट्राकंपोस्ट घालतोच घालतो. त्यात कंजूषी केली की रोग पडतो आणि पानंही कमी येतात.

बियांचाच तुटवडा आहे. पाल्याची भर म्हणून ‘स्लेयर’च्या, म्हणजे नेमून दिलेले राक्षस मारायच्या, कामात अॅबरंट स्पेक्टर घेतले. ती भुतं वास मारतात, नाकाला चिमटा लावून लढावं लागतं, पण पाला चांगला टाकतात. त्यात अधूनमधून लॅन्टाडाइम निघतं.

११ मार्च

गटाची सामायिक तिजोरी एका वेळी एकालाच उघडता येते. भाचा ती उघडी ठेवून जेवायला गेला. मी बाहेर पाला घेऊन उभा. ताईला फोन करावा लागला.

१७ मार्च

खवले आले. खलबत्त्यात एकेक खवला टाकायचा, एकेक पूड निघते. क्लिक, क्लिक. आमच्याकडे शेंगाची चटणी उखळात कुटतात तेव्हा तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही असं आई म्हणायची. इथे तेल सुटत नाही, नुसता ढीग वाढतो. चटणीत तरी शेवटी भाकरी असते.

पानं खवल्यांपेक्षा कमी पडली. शिल्लक पूड तिजोरीत, वर चिठ्ठीसारखा निरोप : हात लावू नये.

२९ मार्च

पहिली खेप तयार. बाटल्या एका ओळीत मांडल्यावर बरं वाटलं.

घरात मात्र बसवत नाही. मार्चअखेरीलाच दुपारी वरची खोली भट्टी झालीय, आणि रात्री वीज जाते ती नेमकी नऊ-साडेनऊला. इन्व्हर्टरवर पंखा आणि राउटर चालतो, लॅपटॉपची बॅटरी मरतुकडी. म्हणून चाचण्या पहाटे घ्यायचं ठरलं. पाण्याच्या दिवशी पहाटे कोणी तरी उठतंच, तेव्हा मीही उठतो. एकीकडे टाकी भरते, एकीकडे ड्रॅगन.

३ एप्रिल

चाचणी, निळे ड्रॅगन, खडक न वापरता समोरासमोर. मुद्दाम एकेक गोष्ट बदलत गेलो.

फक्त ढाल : जाळ बराचसा अडतो, अंगाला थोडा लागतो. फक्त औषध : लागतो, ढालीपेक्षा जास्त. इथे भाच्याचा चेहरा पडला, कारण त्याला वाटत होतं बाटली प्यायली की धनुष्य घेऊन छाती काढून उभं राहता येईल. ढाल आणि औषध दोन्ही : शून्य. फुंकर येते, रंग दिसतो, आकडा शून्य. दोन्ही मिळून जे होतं ते एकट्याने कुठलीच करत नाही.

औषधाची मुदत संपत आली की खाली निरोप येतो. तो निरोप माझ्या नजरेतून सुटू नये म्हणून चॅटची खिडकी मोठी केली. मारता मारता माणूस ड्रॅगनच्या हिटपॉइंटकडे बघतो, खालच्या ओळीकडे नाही, आणि सहावं मिनिट तिथेच घात करतं.

बाटली एकटी पुरेशी हवी असेल तर ‘सुपर अँटीफायर’ आहे. ते रंगीत ड्रॅगनांचा जाळ ढालीशिवाय पूर्ण थांबवतं. पण हर्बलोअर ९२, त्यात ‘सुपिरिअर’ प्रकारच्या ड्रॅगन-हाडांचा चुरा लागतो, आणि डोस टिकतो फक्त तीन मिनिटं. हात मोकळा झाला तर मिनिटं निम्मी झाली. जमाखर्च शेवटी जुळतोच. भाचा म्हणतो, तिथपर्यंत त्याची पदवी होईल.

१३ एप्रिल

ड्रॅगनफायर ढालीवर चर्चा. साधी ढाल जाळ अडवते. ही तो साठवते. जाळ झेलला की एक चार्ज, असे पन्नासपर्यंत, आणि मनात आलं की उलट फुंकता येतो. दिसायलाही झकास. भाच्याने तिचं चित्र फोनच्या वॉलपेपरला लावलंय.

बनवायला ‘ड्रॅकोनिक व्हिसेज’ आणि आपली फुकटची ढाल, दोन्ही ऐरणीवर, स्मिथिंग ९०. लेव्हल नसेल तर ओझियाक साडेबारा लाख नाण्यांत करून देतो. घालायला डिफेन्स ७५. यातलं सगळं कधी ना कधी जमेल. अडतं व्हिसेजवर. काळा ड्रॅगन मारला तर ते पडण्याची शक्यता दहा हजारांत एक.

त्याला गणित करून दाखवलं. दहा हजार ड्रॅगन मारले म्हणजे एक मिळेलच असं नाही. दहा हजार मारूनही ते निदान एकदा मिळालेलं असण्याची शक्यता साधारण ६३ टक्के. म्हणजे शंभरातले सदतीस जण दहा हजार ड्रॅगन मारून हात हलवत घरी जातात.

तो म्हणाला, “मग आपण त्रेसष्टातले असू.” वयाचा फरक आहे, दुसरं काय. प्रकल्पातून ही वस्तू वगळली. पडली तर पडली.

२७ एप्रिल

ब्रिमहेवन. भुयाराच्या दारात सॅनिबोच ८७५ नाणी घेतो, मगच आत सोडतो. आत लोखंडी आणि पोलादी ड्रॅगन. पोलादी म्हणजे २४६ लेव्हल. इथेच खरी परीक्षा होती, कारण इथे अंतर कामाचं नाही.

माझी मांडणी अशी : डाव्या हातात ढाल, उजव्यात जादूची काठी. धातूच्या ड्रॅगनांना तलवारीपेक्षा जादू जास्त लागते, आणि काठीला एकच हात पुरतो. आत पाऊल टाकण्याआधी औषध, वरून जवळच्या मारापासून वाचवणारी प्रार्थना, ती प्रेयर ४३ला मिळते.

भाच्याने धनुष्य ठेवून अॅडमंटचा क्रॉसबो घेतला. क्रॉसबो एका हाताचा, दुसऱ्यात ढाल बसते. दोन महिने मी त्याला हेच सांगत होतो असं म्हणायचा मोह झाला, म्हटलं नाही.

लांबून फुंकर आली. दोघांनाही शून्य. पोलादी ड्रॅगनचे हिटपॉइंट इतके की एकेकाला मारायला वेळ जातो, आणि त्या वेळाचीच किंमत आपण डोसमध्ये देतो. म्हणून इथे जोरात मारणं हेही संरक्षणच. लढाई जितकी लांबेल तितकी बाटली लवकर रिकामी.

४ मे

डोसचा हिशोब. तासाभराच्या लढाईला दहा डोस, म्हणजे सव्वातीनच्या वर बाटल्या, माणशी. दोघे गेलो तर सात. वाफे यातच अडकतात, आणि बाकी औषधांना काही उरत नाही. स्टॅमिना नाही, प्रेयरची बाटली नाही, नुसता अग्निरोधक पिऊन कसं चालेल.

मुदत दुप्पट करणारं ‘एक्स्टेंडेड’ औषध आहे, डोसला १२ मिनिटं, हर्बलोअर ८४. त्यासाठी लाव्हा ड्रॅगनांच्या खवल्यांचे तुकडे लागतात आणि ते ड्रॅगन वाइल्डरनेसमध्ये, जिथे दुसरे खेळाडूच आपल्याला मारायला टपलेले असतात. ड्रॅगनपासून वाचायला माणसांच्या तोंडी जायचं. माझ्या मते खेळणाऱ्यांनी ड्रॅगनच्या जाळाचं भय जरा जास्तच डोक्यावर घेतलंय. जाळाला नियम आहेत, माणसाला नाहीत.

१२ मे

उन्हाने सोलापूर चाळीशीच्या वर. रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर चटका. भाचा गच्चीवर चादर टाकून मोबाइलवर खेळतो, त्याचा आवाज फोनवर येतो आणि मागे कुणाच्या तरी कुलरचा.

व्होर्काथ या मोठ्या ड्रॅगनबद्दल विचारत होता. तो २०१८च्या जानेवारीत ‘ड्रॅगन स्लेयर २’बरोबर आला. त्याच्या हल्ल्यांत एक असा गोळा असतो की त्याला ना ढाल अडवते, ना औषध, ना प्रार्थना. गोळा उडाला की जागा सोडायची, बस्स. खेळ ०.६ सेकंदांच्या एकेका ठोक्याने पुढे सरकतो. आमचं नेट अडखळलं की गोळा येऊन पडल्यावरच दिसायचा. ते वेगळ्या प्रकल्पाचं काम आहे, या वहीत नको.

१९ मे

शेवटची वाटणी ठरली, त्यावर दोघेही राजी.

रंगीत ड्रॅगन भाच्याकडे. खडक, धनुष्य, बाटली खर्चायची नाही. कातडं आणि हाडं तिजोरीत. धातूचे ड्रॅगन माझ्याकडे, ढाल आणि काठी, आठवड्यातून दोनदा पहाटे, पाण्याच्या दिवशी. काळे ड्रॅगन दोघांनी मिळून, ढाल आणि औषध दोन्ही लावून, म्हणजे व्हिसेज पडायची असेल तर कुणाच्या नशिबाने पडली यावर भांडण नको.

शिल्लक : अग्निरोधकाच्या बाटल्या २६, खवल्यांची पूड पाला संपेपर्यंत पुरेल इतकी, लॅन्टाडाइमच्या बिया ९. दोन ढाली. ड्यूककडे अजून आहेतच.

भाच्याने विचारलं, कातड्याचं काय करायचं. म्हटलं, क्राफ्टिंग वाढव, तुझ्याच अंगाला लागेल. तिजोरी बंद करून जा.